नापास झाल्याचे पेढे

आमच्या ऑफिसात मी एका माणसाला वर्षाअखेरीला सगळ्यात खालचा शेरा दिला, आणि त्यानं पेढे वाटले. खोटं नाही सांगत. माझ्या केबिनमधून ते गृहस्थ निघाले, जिना उतरून खाली गेले, अर्ध्या तासानं पेढ्यांचा पुडा घेऊन वर आले आणि टेबलाटेबलावर फिरले. "घ्या, तोंड गोड करा. बावन्नाव्या वर्षी नापास झालो. ह्या वयात मानसाला नव्यानं काय करायला मिळतं?" फिरत फिरत माझ्यापुढेही पुडा धरला. मी त्यांची मॅनेजर. पेढा घेतला आणि तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्यांना सगळे काका म्हणायचे, मीही. आता ते खारबावकडे आपल्या घरी असतात, वांगी-भेंडी लावतात आणि फोन केला की आधी वांग्यांचंच सांगतात. पण मी सांगतेय ते ते कामावर असतानाचं.

आमची कंपनी म्हणजे भिवंडीजवळच्या पूर्णे गावातलं एक मोठं गोडाऊन. लोकांचा माल ठेवायचा, मागितला की काढून द्यायचा. कुठला खोका कुठल्या फळीवर आहे हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही तिथंच, गोडाऊनच्या पोटमाळ्यावर बसून लिहायचो. आठ माणसं, एक एसी, आणि खाली बघायला एक लांबलचक काच. खाली हमाल, फोर्कलिफ्ट, घाम. वर आम्ही, स्वेटर घालून. मी भिवंडीतच वाढले, पुण्याला पाच वर्षं नोकरी केली, तिथं माणसं कशी 'मॅनेज' करायची याचे तीन कोर्स केले आणि परत आल्यावर ही आठ माणसं माझ्या हाती आली. बिचारी.

पहिल्या दिवशी मी आत शिरले तर एक गृहस्थ जमिनीवर बसून स्क्रू ड्रायव्हरनं खुर्चीची चाकं काढत होते. अनवाणी. मला वाटलं, फर्निचरवाला. म्हटलं, "दादा, किती वेळ लागेल?"

"दोन चाकं ऱ्हायलीत," ते म्हणाले. "फिरत्या खुर्चीत बसलं का डोस्कं बी फिरतं, मॅडम. तुमची बी काढून देऊ?"

शेजारच्या पोरानं कानात सांगितलं, की हे आपले सगळ्यात सीनियर प्रोग्रामर. कपाळ माझं.

काका कॉलेजात गेलेले नव्हते. विशीत भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात डॉबी बसवायच्या कामाला लागले. डॉबी म्हणजे कापडाची नक्षी ठरवणारा भाग. लाकडी पट्ट्या असतात, त्यांना भोकं असतात, आणि नक्षीप्रमाणे काही भोकांत खुंट्या ठोकायच्या. खुंटी असली की दोरे वर उचलले जातात, नसली की खालीच राहतात. "खुंटी हाय का न्हाय, येवढाच सवाल. तुमचा कॉम्प्युटर त्याच्यापुढं काय येगळं करतो?" असं ते नव्या माणसाला विचारायचे. पुढे शेठनं कारखान्यात कॉम्प्युटर आणला, काका त्याच्याशी झटत झटत प्रोग्रामिंग शिकले, कारखाना बंद पडला तसे आमच्याकडे आले. इंग्रजी बेताचं, पण कोड असा स्वच्छ लिहायचे की वाचणाऱ्याला कुठं अडखळायलाच व्हायचं नाही.

डबा वर बसून खायचे नाहीत. तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन खाली हमालांत जाऊन बसायचे. मला वाटायचं, सुकटीच्या वासामुळे जातात. वर एकदा कुणीतरी नाक मुरडलं होतं. एके दिवशी विचारलंच. म्हणाले, "वास तुमाला येतो, मला कुठं येतो? मी खाली जातो कारन आपला प्रोग्राम खाली चालतो. वर नुसता लिवतात."

आता मुख्य गोष्ट. रोज सकाळी दहाला आम्ही सगळे उभ्यानं मीटिंग करायचो. काल काय केलं, आज काय करणार, एवढंच प्रत्येकानं पटापट बोलायचं. सगळे आपापली मर्दुमकी सांगायचे. काकांची पाळी आली की काका म्हणायचे, "काल चुकलो." आणि काय चुकलं ते सांगायचे. अमुक ठिकाणी बेरीज उलटी धरली, तमुक ठिकाणी रिकामी फळी तपासायला विसरलो. काय केलं ते कधीच सांगायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात मी समजावलं, "काका, अहो, जे झालं तेही सांगा ना."

"झालं ते दिसतं की," ते म्हणाले. "चुकलं ते सांगावं लागतं."

ही सवय कारखान्यातली. तिथं शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला आधी बिघाड सांगायचा, मग घरी जायचं. बारा नंबरचा ताणा तुटतोय, सात नंबरचा धोटा अडकतोय. जो सांगणार नाही त्याला दुसऱ्या दिवशी कुणी चहाला बोलवायचं नाही. बाकी शिक्षा नाही. काकांनी ती रीत जशीच्या तशी आमच्या पोटमाळ्यावर आणली, आणि हळूहळू, माझ्या नकळत, बाकीची पोरंही बोलायला लागली होती. "काका, मीपण काल चुकलो," असं म्हणत हसायची. चूक दहाला कळायची, अकरापर्यंत दुरुस्त व्हायची. इतकं सरळ चाललं होतं.

मग मी सुधारणा करायला घेतली.

भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. एका बाजूला नावं, वर महिने. ज्याच्या कामात चूक निघेल त्याच्या चौकटीत एक गोल लाल स्टिकर. पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, कुंकू. "आज कुणाला कुंकू लागलं?" असं आपसात म्हणायची, मी आले की गप्प. एका महिन्यात सगळ्यात जास्त लाल ओळ कुणाची झाली असेल? काकांची! झालीच पाहिजे, कारण ते रोज सकाळी उभे राहून स्वतःच सांगत होते, आणि मी इमानेइतबारे स्टिकर चिकटवत होते. काकाही सांगायचे, "मॅडम, कालचा लावायचा ऱ्हायलाय बगा."

आमचे मोठे साहेब मुंबईला बसायचे, महिन्यातून एकदा यायचे. तक्त्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा माणूस सगळ्यात जास्त चुका करतो, आणि तुम्ही त्याला सीनियर म्हणता?" मी सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. साहेब, हा माणूस चुका करतो असं नाही, हा सांगतो, बाकीच्यांच्या आपल्याला दिसत नाहीत. पण साहेबांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. म्हटलं, "बघते सर." आणि वर्षाअखेरीला काकांना सगळ्यात खालचा शेरा दिला. केबिनमध्ये मी इंग्रजीत बराच वेळ बोलत होते. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे नापास ना?" म्हटलं, "तसं नाही काका..." "तसंच हाय. सोप्पं बोला." त्यानंतरचे पेढे तुम्हाला सांगितलेच.

काका हसले, पण बाकीच्या सातजणांनी त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या मीटिंगमध्ये एकजात सगळे: "झालं. चालू आहे. होईल." काका एकटेच "काल चुकलो" म्हणत राहिले, आणि त्यांच्याकडे कुणी बघेना. काकांची ओळ सोडली तर तक्ता पांढराशुभ्र व्हायला लागला. मला वाटलं, माझी जादू! मी त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला. आणि मी, शहाणी, तो अंगठा आईलासुद्धा दाखवला.

पोरं मात्र मलूल. बरोबर सहाला बॅगा उचलायची, डबेसुद्धा वेगवेगळे खायची. दोघं सोडून गेले. साहेब म्हणाले, टीमचा मूड वाढवा. मग मी दर शुक्रवारी चारला फुगे, अंताक्षरी आणि सारख्या रंगाचे टी-शर्ट सुरू केले. काकांच्या हातात फुगा दिला तर म्हणाले, "मॅडम, दम लागतो फुगवायला. आमचा गुरवारीच संपला." सगळी पोरं फसकन हसली. त्या वर्षातलं तेवढंच खरं हसू, आणि मला त्याचा राग आला होता.

आणि मग सुनंदाताईंचं झालं.

सुनंदाताई खाली चेकर होत्या. पूर्ण्यातल्याच, गोडाऊन उघडलं तेव्हापासून कामाला. चेकर म्हणजे खोका फळीवर चढला की स्कॅनरची गन त्याच्यावर मारायची, म्हणजे कुठला माल कुठं ठेवला ते सिस्टममध्ये चढतं. एका गुरुवारी मिक्सरचे बेचाळीस खोके मागणीला लागले आणि सिस्टम म्हणाली, नाहीत. आले होते सुनंदाताईंच्या शिफ्टमध्ये. त्या सांगत होत्या, "मागच्या भिंतीकडं, सगळ्यात वरच्या फळीवर मी उभी राहून चढवून घेतलेत." सुपरवायझरनं स्क्रीनवर बघितलं. तिथं शाम्पू लिहिलेला. "मॅडम, सिस्टम थोडी झूठ बोलेगा," तो मला म्हणाला. मीही काचेजवळ उभी राहून स्क्रीनकडे बघितलं आणि मान हलवली. शिफ्ट सुटताना गेटवर, दोन्ही शिफ्टच्या माणसांसमोर, सुपरवायझरनं सुनंदाताईंची पिशवी उलटी केली. डबा घरंगळत गेला. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं सांगितलं. त्या डबा उचलून घरी गेल्या.

मिक्सर काय पिशवीतून नेणार होत्या? पण हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. पुढे कळलं, गावात त्यांच्या जाऊबाईंनी विचारलं होतं, "आमाला बी एक मिक्सर ठेवलास का गं?"

पाच दिवस गेले. आम्ही वर फुगे लावत होतो. काका त्या पाच दिवसांत आपल्या जागेवर फारसे दिसेनात. मी मेल पाठवली, की कृपया जागेवर बसावे. मंगळवारी सकाळी मीटिंगला आले ते घामानं निथळत, हातापायांना धूळ. त्यांची पाळी आली.

"मिक्सर गावले," ते म्हणाले. "बेचाळीसच्या बेचाळीस. फोर्कलिफ्टवाल्याला म्हनलं, मला वर ने. मागच्या भिंतीला, वरच्या फळीवर. बाई सांगत व्हती तिथंच."

बापरे! सगळ्यात वरच्या फळीपर्यंत मान वर करून बघायचं काम पाच दिवसांत एकाही माणसानं केलं नव्हतं. कारण स्क्रीनवर शाम्पू लिहिलं होतं.

"आता ऐका," काका म्हणाले. "तिथं मागं नेटवर्क येत न्हाय. गन माल पोटात ठेवते आन् बाहेर आल्यावर ओकते. दोन गना एकाच टायमाला बाहेर आल्या, का एकीचं दुसरीच्या नावावर चढतं, आन् दुसरीचं पुसून जातं. मी दोन गना घेऊन चार येळा करून बगितलं. चूक बाईची न्हाय. आपली हाय. कोनाची ते मी सांगनार न्हाय, मला म्हाईत असून बी. ज्याची हाय त्यानं बोलावं."

 सगळे मूग गिळून पायाकडे बघत होते. मी पटकन म्हटलं, "हे आपण नंतर बोलू," आणि मीटिंग संपवली. सवयच ती.

काका माझ्यामागोमाग केबिनमध्ये आले. दार लावलं नाही. इतक्या दिवसांत ते माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. "पोरी," म्हणाले, मॅडम नाही, "तो तक्ता काढ भिंतीवरनं. तो हाय तवर कोन तोंड उघडनार न्हाय. मला नापास केलंस, मी पेढे वाटले, माझं काय जातं? माझी पोरं मोठी झाली. पन ह्यांची व्हायचीत. आन् तिकडं ती बाई चोर म्हनून घरात बसलीय."

मी म्हटलं, "साहेबांना विचारून..."

"इचार," ते म्हणाले. "तवर ती बसंल घरात."

मला रडू आलं. रागाचं की कशाचं, कोण जाणे. मी उठले, बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तो तक्ता ओढून काढला. अर्धा फाटला, अर्धा गोंदाला चिकटून राहिला, तो नखांनी खरवडला. मागे वळून बघितलं तर प्रवीण उभा होता. शांत पोरगा, तिशीतला, दोन लहान मुलींचा बाप. "मॅडम," तो म्हणाला, "गनचं काम माझं आहे. मला गुरुवारीच कळलं होतं. रात्रीतून गुपचूप दुरुस्त करायला गेलो, जमलं नाही. माझ्या ओळीत आधीच दोन लाल होते."  काकांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, शेजारी उकिडवे बसले, आणि दोघांनी मिळून दुपारपर्यंत तो दोष काढला.

मोठ्या साहेबांना मी फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, गैरसमज दूर झाला असं एक पत्र पाठवा, कामावर घ्या, फार वाढवू नका. पत्र टाइप केलं. काका म्हणाले, "पोस्टानं कशाला, धा मिन्टांवर घर हाय," आणि चपला घालून पुढे झाले. मी तीन वर्षं पूर्ण्यात नोकरी करत होते, गावात पाय पहिल्यांदा ठेवला.

सुनंदाताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. उठल्या नाहीत. मी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, परत माझ्या हातात ठेवलं.

"कागद नको मला," त्या म्हणाल्या. "कागद मी कोनाला दाखवू? घरोघर फिरू? माझी पिशवी जिथं उलटी केलीत, तिथं येऊन बोला. त्याच मान्सांसमोर. न्हायतर मी येत न्हाय."

मी काकांकडे बघितलं. वाटलं, हे काहीतरी मधलं काढतील. त्यांनी सूप पुढे ओढलं आणि तांदळातले खडे वेचायला लागले. मधलं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना मी खाली उतरले. साहेबांना विचारलं नाही. गेटपाशी जाणारे आणि येणारे, दोन्हीकडची माणसं उभी होती. सुनंदाताई गेटच्या बाहेर, आत यायला तयार नव्हत्या. काका म्हणाले, "पॅलेटवर चढा, मॅडम. मागच्यांना दिसत न्हाय." मी माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर चढले.  पुण्याच्या कोर्समध्ये स्टेजवर कसं उभं राहायचं ते शिकवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

मी सांगितलं, की मिक्सर सापडले. सुनंदाताईंनी सांगितलं होतं त्याच जागी होते. सिस्टम चुकीची होती आणि सिस्टम आम्ही केलेली आहे. त्यांची पिशवी उलटी केली ते चूक झालं. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते. हात जोडले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; बरं झालं. सुपरवायझर खाली बघत होता.

मला वाटलं, झालं. मी पॅलेटवरून उतरायला लागले.

"थांबा," सुनंदाताई गेटबाहेरून म्हणाल्या. "मॅडम, ही चूक तुमच्या वरच्या मान्सांना कवा कळली?"

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. साहेबांचं "फार वाढवू नका" कानात होतं. कालच कळली, असं म्हणता आलं असतं. कुणाला समजणार होतं?

"गुरुवारी," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

"आन् बोलले का न्हाईत? सा दिवस?"

सगळं गेट माझ्याकडे बघत होतं. वर काचेला नाक लावून माझी टीम उभी होती, प्रवीणही होता.

"ज्या पोराला कळली तो मला घाबरला," मी म्हटलं. "चूक सांगितली की मी मार्क कापायचे."

 सुनंदाताईंनी पदर खोचला, गेटमधून आत आल्या, टेबलावरची आपली गन उचलली आणि माझ्या शेजारून जाता जाता, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आता त्या पोराचे कापू नका."